शिंगाची फणी

बुलढाण्याकडच्या उंद्री गावात अनुपमाला अनुपमा म्हणणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. ती सगळ्यांची चायना डॉक्टरीण. चीनमध्ये राहून डॉक्टरकी शिकून आली, पदवीही आणली, पण इथं दवाखाना टाकायचा तर इथली परीक्षा पास व्हावी लागते आणि ती परीक्षा काही तिला बधत नव्हती. मग समोरच्या खोलीत जाडजाड पुस्तकं मांडून ती बसायची, आणि ओट्यावरून जाणारा येणारा खिडकीत डोकावून विचारायचा, "काय डॉक्टरीणबाई, पास झाला का चायना माल?" पारावर तर वाक्यच ठरलेलं होतं. चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक.

तिची वहिनी दीपमाला, तिलाही याचं हसू यायचं. भावजय म्हणून एकदोन टोमणे तिनंही मारून घेतले होते. पण वैशाखातल्या एका सकाळी दीपमाला उठली तीच दात वाजवत. बाहेर पत्रा तापायला लागला होता आणि ही अंगावर दोन गोधड्या ओढून कुडकुडत होती. डावं थान दगडासारखं झालेलं. वरच्या बाजूला तापलेला तवा टेकवून काढावा तसा लाल चट्टा. शेजारी दोन महिन्यांची गार्गी भुकेनं मुठी चोखत होती आणि तिला जवळ घ्यायचं म्हटलं तरी दीपमालाच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी, गोधडी बाजूला करून एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"दूध नासलं," त्या म्हणाल्या. "जनकाले बोलवा."

जनकाबाई रोज गार्गीला न्हाऊ घालायला यायचीच. गावातली अर्धी लेकरं तिच्या पायावर न्हालेली. हात असा, की रडकं पोर पाण्याच्या दुसऱ्या तांब्याला झोपून जावं. पण लेकराला लावायचा हात वेगळा आणि गाठीला लावायचा हात वेगळा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "गाठ हाये बाई, मोडून टाकतो," म्हणून तिनं कोमट तेल घेतलं, गुडघा रोवला आणि कणीक तिंबावी तसा अंगठा दाबला. दीपमाला अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. गाठ काही मोडली नाही. चट्टा मात्र दुपारपर्यंत तळहाताएवढा झाला.

दीपमालाचा नवरा अविनाश भाजीचा माल टाकून आला होता. बायकोचं कण्हणं ऐकून तो तसाच स्टँडवरच्या दवाखान्यात गेला आणि गोळ्यांची पुडी घेऊन परत आला.

"कशाच्या हायेत?" दीपमालानं विचारलं.

"तापाच्या."

"काय सांगतलं तुम्ही डॉक्टरले?"

"ताप हाये म्हटलं."

"आन् थानाचं?"

अविनाश भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला. "तिथं चार माणसं बसली होती वं. कसं सांगू?"

"म्हशीच्या वेळी तं फोनवर मोठ्यानं सांगून राह्यले होते. सगळ्या आळीनं आयकलं."

"म्हशीची गोष्ट वेगळी."

तो पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

मग पुष्पाबाईंनी फैसला दिला. दूध बंद करायचं. दोन्हीकडचं. जनकाबाई आता मोगऱ्याच्या कळ्या ओवून आणेल, त्या छातीवर ठेवून वरून पट्टा आवळायचा, म्हणजे दूध सुकतं. गार्गीला शेळीचं दूध पाणी घालून. "अनू शेळीच्या दुधावरच वाढली," त्या म्हणाल्या. "काय कमी पडलं तिले? उड्या मारत चीनपर्यंत गेली."

खिडकीजवळ पुस्तकात डोकं घालून बसलेल्या अनुपमानं वर पाहिलं नाही. शेळीचा हा विनोद ती जन्मापासून ऐकत होती.

दीपमाला भिंतीकडं तोंड करून पडली. दूध बंद करायचं, असं नळाची तोटी फिरवल्यासारखं ही माणसं बोलत होती. गार्गी झाली तेव्हा तिला दूधच नव्हतं. पहिल्या दिवसांत सगळं गाव येऊन सांगून गेलं होतं, पोट्टीले पुरत नाही वं, वरचं सुरू कर. दीपमालानं ऐकलं नाही. अळीव खाल्ले, डिंक खाल्ला, बसून बसून पाठीचा कणा मोडला, पण पोरीला छातीपासून हलू दिलं नाही. मग एका पहाटे गार्गीनं गटकन् घोट घेतला. त्या घोटाचा आवाज दीपमालाला अजून ऐकू यायचा. घोट घेता घेता पोर तिचं मंगळसूत्र मुठीत धरायची आणि पोट भरलं की मूठ आपोआप सुटायची. हे सगळं आता मोगऱ्याच्या कळ्यांखाली सुकवायचं म्हणे.

नाही, ती मनात म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "नाही." खोलीत गार्गीशिवाय कोणी नव्हतं, पण म्हटल्यावर बरं वाटलं.

तिनं गार्गीला उचललं, गोधडी गुंडाळली आणि भिंतीला धरत समोरच्या खोलीत गेली. दार लावलं, खिडकीही लावली.

"अनुताई, तुमच्या चीनमध्ये बायांना असं होते का?"

अनुपमानं पेन ठेवलं. "बायांना सगळीकडं होते वैनी. पण मले हात लावता येत नाही. मी अजून डॉक्टर नाही इथं."

"डॉक्टरले कोण म्हणून राह्यलं? नणंदेले लावता येते ना?"

अनुपमा तिच्याकडं बघत राहिली. चीनहून परत आल्यापासून तिला कोणी काही विचारलं होतं तर फक्त निकाल कधी लागतो एवढंच. ती उठली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि दीपमालाला खाटेवर बसवलं. तिची बोटं जनकाबाईसारखी जोरात नव्हती. पीठ चाळल्यावर चाळणीच्या कडेला बोट फिरवावं तशी ती फिरली. कुठं गरम आहे, कुठं कडक, कुठं मऊ, विचारत विचारत.

"नासलं नाही काही," ती म्हणाली. "तुंबलं. आतल्या नळ्या सुजल्या म्हणून दूध निघत नाही, दूध निघत नाही म्हणून सूज वाढते. आमच्या तिथं चिनी औषधाचा वेगळा वॉर्ड होता. त्यात वू लाओशी म्हणून म्हाताऱ्या बाई होत्या. लाओशी म्हंजे गुरुजी. त्यांच्याकडं बाळंतिणी अशाच रडत यायच्या. त्या एकच गोष्ट म्हणायच्या, वाहते तिथं दुखत नाही, दुखते तिथं वाहत नाही."

"मग काय करायच्या?"

अनुपमानं पेटीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काळपट, चकचकीत, तळहातात मावणारी फणी. दात जाड, टोकं गोल झालेली. निघताना बाईंनी दिली होती. परीक्षेच्या पुस्तकांखाली ती तशीच पडून होती, कारण ती कुणाला दाखवायची म्हटलं की पुढचा विनोद ठरलेला.

"पण आधी आयका," अनुपमा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. "फणीनं वाट मोकळी होऊ शकते. हा थंडी वाजून येणारा ताप फणीनं जाईन असं मी म्हणत नाही. लाओशी पण म्हणत नव्हत्या. ताप असला की त्या पोरींना शेजारच्या वॉर्डात पाठवायच्या. आज संध्याकाळीच चिखलीले जायचं, बाईडॉक्टरकडं. पू धरला का थे पाहून घ्यायचं, औषध घ्यायचं. कबूल?"

"आन् पाजणं?"

"थे थांबवायचं नाही. दुखते त्या बाजूलाही नाही."

"मग कबूल."

तिनं फणी खोबरेल तेलात बुडवली. काखेकडून सुरू करून पुढं, एकाच दिशेनं, परत मागं नाही. जोर इतका कमी की दीपमालाला आधी वाटलं, ही उगाच समजूत घालतेय. दुसऱ्या हातानं अनुपमानं तिच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधली एक जागा धरली आणि अंगठा टेकवून ठेवला. तिथं इतकी कळ होती हे दीपमालाला माहीतच नव्हतं. तिच्या तोंडून "अगं आई" निघालं, आणि त्याबरोबर एक थेंब. पिवळसर, घट्ट. मग दुसरा.

नेमकं तेव्हाच दार ढकललं गेलं. पुढं पुष्पाबाई, मागं हातात पानांचा पुडा घेऊन जनकाबाई. मोगऱ्याचा वास त्यांच्याआधी आत आला.

"हे काय चाललं वं?" पुष्पाबाई जागेवरच थांबल्या. "फणी? थानाले फणी?"

"उवा झाल्या का काय दुधात?" जनकाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली.

"आई, हे चिनी—"

"चिनी मले दिसून राह्यलं. कशाची हाये थे?"

"शिंगाची."

"कशाच्या शिंगाची?"

"म्हशीच्या."

पुष्पाबाईंनी देवघराकडं पाहिलं. मग लेकीकडं. "परीक्षा होत नाही तुह्यानं, आन् भावजयीवर हात साफ करतं? उद्या काही झालं तं लोक काय म्हणतीन? सोड तिले. जनका, बांध थे मोगरा."

अनुपमाचा हात थांबला. या घरात तो नेहमीच इथं थांबायचा. पण दीपमालानं तिचं मनगट पकडलं आणि फणीसकट आपल्याजवळ ओढून ठेवलं.

"आई," ती म्हणाली. तापानं ओठ सुकले होते, आवाज मात्र कोरडा नव्हता. "दिवाळीत आपल्या म्हशीले दगडी झाली होती. कास सुजली होती. आठवते?"

"त्याचं काय इथं?"

"तुम्ही काय केलं होतं?"

"काय करतीन? घडीघडी पिळली. सड तुंबू देते का कोणी? तुंबला की गेला." पुष्पाबाई अभिमानानं बोलून गेल्या. म्हशीच्या बाबतीत त्यांचा शब्द आळीत चालायचा. "डॉक्टर सुई टोचून गेला, पण वाचवलं म्यां. रेडकू तोडलं नाही मी कासेपासून."

"मोगरा काऊन नाही बांधला?"

जनकाबाई हसणार होती, ती थबकली.

"थे जनावर हाये दीपा," पुष्पाबाई हळू म्हणाल्या.

"हो. तिचं थान सुजलं तं यांनी फोनवर मोठ्यानं सांगतलं, डॉक्टर घरी आला, तुम्ही दिवसभर गोठ्यात बसल्या. माह्या थानाचा दवाखान्यात शब्द निघत नाही. मले बांधून ठेवायचं, सुकवायचं, आन् माह्या पोरीले शेळीकडं पाठवायचं. आई, मले म्हशीएवढं तं समजा."

जनकाबाईच्या हातातला पुडा तसाच पुढं धरलेला होता. दीपमालानं तो घेतला, पान उलगडलं. कळ्या दाट ओवलेल्या, अजून ओल्या. जनकाबाईनं मन लावून केलं होतं काम. दीपमालानं हात मागं नेला, खांद्याच्या कळेनं ओठ चावला, आणि माळ आपल्या विस्कटलेल्या वेणीत खोवली.

"मोगरा इथं घालतात," ती म्हणाली.

मग तिनं गार्गीला घेतलं आणि डाव्या, लाल, दुखऱ्या बाजूला लावलं.

"पू जाईन लेकराच्या पोटात!" पुष्पाबाई ओरडल्या.

पोर आधी भांडली. तोंड लावलं, सोडलं, रागानं डोकं आपटलं. दीपमालाच्या पायाची बोटं फरशीवर वळली. अनुपमा फणी फिरवत राहिली, काखेकडून पुढं, काखेकडून पुढं. आणि मग गार्गीच्या गळ्यात तो आवाज झाला. गटकन्. दीपमाला रडत होती, पण तिनं पोरीला हलू दिलं नाही. गार्गीनं मंगळसूत्र मुठीत धरलं.

पुष्पाबाईंनी जनकाबाईला बाहेर जायला खुणावलं. ती गेल्यावर त्यांनी आतून कडी घातली. मग भिंतीशी टेकून खाली बसल्या आणि पदर बाजूला करून चोळीची दोन बटणं काढली.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या.

डाव्या थानाच्या खालच्या अंगाला चुणी पडलेला, आत ओढल्यासारखा जुना व्रण होता. वीतभर नसेल, पण खोल. अनुपमा आपल्या आईला जन्मापासून पाहत आली होती, आणि हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"अनूच्या वेळी," पुष्पाबाई म्हणाल्या. "तू एवढीशी होती. मलेही असंच. सासूनं दूध बंद करवलं. तापात मी बडबडून राह्यली होती म्हणे. मग बुलढाण्याले नेऊन चिरलं. दूध नासलं होतं म्हणून लोकांनी सांगतलं, म्यां आयकलं. मी त्याच्यासाठीच सांगून राह्यली दीपा, मोगरा बांध. तुले चिरू नये म्हणून."

"तुम्हाले बांधला होता मोगरा?" दीपमालानं विचारलं.

"बांधला होता ना."

एवढं बोलून त्या थांबल्या. तोंड थोडं उघडंच राहिलं. त्या बटणं लावायला लागल्या, पण पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं, मग परत काढलं. अनुपमा फणीवरचं तेल पुसत राहिली. दीपमालानं गार्गीचं डोकं सावरलं. काही गोष्टी म्हणून दाखवल्या की समोरच्याला त्या परत गिळाव्या लागतात.

मग पुष्पाबाईंनी नाक ओढलं. "अवीले गाडी काढाले लाव अनू. चिखलीचा दवाखाना बंद होईन." आणि हात पुढं केला. "आण थे शिंग इकडं. कोणीकडून कोणीकडं फिरवतं?"

"इथून असं. जोर नाही लावायचा आई. पोळीवर तूप फिरवतो तसं."

"मले नको सांगू तूप फिरवाले," पुष्पाबाई म्हणाल्या आणि सुनेच्या मागं जाऊन बसल्या. त्यांचा हात म्हशीला लागायचा तसा होता, न घाबरवणारा. वेणीतला मोगरा त्यांच्या नाकाशी येत होता. त्यांनी मान थोडी वळवली, पण हात थांबवला नाही.

चिखलीच्या दवाखान्यात बाकडी भरली होती. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटला काय होतंय?" अविनाश खिडकीवर वाकला. दीपमाला मागून त्याच्या पाठीकडं बघत होती. त्याचे कान लाल झाले. मग तो सरळ उभा राहिला.

"बायकोच्या थानाले सूज आली," तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की शेवटच्या बाकड्यावरचा म्हातारा जागा झाला. "लेकराले पाजून राह्यली ती. दूध तुंबलं. ताप हाये. लवकर घ्या."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. पू धरला नव्हता. औषध लिहून दिलं आणि पाजणं थांबवलं नाही हे बरं केलं म्हणाल्या. कोणी सांगितलं, असं विचारल्यावर दीपमालानं अनुपमाकडं बोट केलं.

"नर्स आहेस?"

"नाही. चीनमध्ये शिकली. इथली परीक्षा राह्यली."

बाईंनी फणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे मला माहीत नाही. हलक्या हातानं असेल तर फिरवा, दाबू नका. गोळ्या मात्र पूर्ण संपवायच्या, ताप गेला म्हणून मधेच सोडायच्या नाहीत." मग फणी परत देताना म्हणाल्या, "परीक्षेला बस पुन्हा."

परतीच्या रस्त्याला अनुपमा गाडीत रुमालात न गुंडाळता फणी हातात धरून बसली होती.

ताप उतरला. चट्टा आधी गुलाबी झाला, मग पिवळा पडला. गाठ हट्टी होती, कमी झाली तरी बोटाला लागत राहिली, आणि चिखलीच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. दीपमाला त्या गाठीशी रोज भांडायची, गोळीनं, फणीनं आणि गार्गीच्या तोंडानं. पुष्पाबाईंनी पाथरीची भाजी घरात सुरू केली. चिनी वॉर्डात बाया पिवळ्या फुलाच्या एका रानभाजीचा काढा प्यायच्या, असं अनुपमानं सांगितलं होतं, आणि पुष्पाबाईंना बांधावरची पाथरीच आठवली.

"आई, थे वेगळं झाड हाये. सारखं दिसते म्हणून तेच नसते."

"नसो. चायनाची नाही, उंद्रीची हाये. औषध म्हणून कुठी देऊन राह्यली? भाजी हाये, भाकरीसंगं खाईन ती."

एका संध्याकाळी दीपमाला ओट्यावर बसून गार्गीला पाजत होती. पदर होता, पण आत जाऊन बसली नव्हती. आधी ती आत जायची. मागं बसलेल्या पुष्पाबाईंच्या अंबाड्यात तिनं थोड्या वेळापूर्वी मोगऱ्याची बोटभर माळ खोचली होती. "काढ थे, म्हातारीले शोभते का," असं त्या दोनतीनदा म्हणाल्या होत्या, पण स्वतःचा हात काही डोक्याकडं गेला नव्हता.

आळीतला कचरू पारावर जायला निघाला होता. त्यानं सवयीनं खिडकीकडं मान वळवली.

"काय डॉक्टरीणबाई, आयकलं ते खरं का? चायना माल चालून राह्यला म्हणे! किती दिसाची गॅरंटी?"

खिडकीतून फक्त पान उलटल्याचा आवाज आला. पण पुष्पाबाई ओट्यावरून उतरल्या.

"कचरू, तुह्या सुनेले लेकरू होऊन महिना झाला ना?"

"हाव. काऊन?"

"तिचं थान सुजलं म्हणून आज जनका मोगरा ओवत होती तुमच्यासाठी. म्यां तिच्या हातातून घेतला." त्यांनी अंबाड्याला हात लावला. "हा घातला. आता सुनेले घेऊन ये इथं. आन् गाडी तयार ठेव, चिखलीले जावं लागीन."

कचरूचं हसू अर्धवट राहिलं. "अवं काकू, बायांच्या गोष्टी रस्त्यावर—"

"रस्त्यावरच बोलीन मी," पुष्पाबाई म्हणाल्या. "जातं का मी येऊ घरी?"

तो गेला. पाराकडं नव्हे, घराकडं. खिडकीची एक फळी उघडली आणि अनुपमानं तेलाची वाटी बाहेर ओट्यावर ठेवली. दीपमालाच्या कुशीत गार्गीची मूठ सुटली, मंगळसूत्र मोकळं झालं. दीपमालानं पोरीला खांद्यावर घेऊन ढेकर काढला, आणि दुसऱ्या बाजूला लावलं.